कुंताबाईंची ड्युटी

४ जानेवारी २००९, सेलू

डबा घरी आणला. बसमध्ये मॉनिटर मांडीवर, की-बोर्ड पिशवीत, आणि डबा जुन्या चादरीत गुंडाळून पायांपाशी. कंडक्टर म्हणाला, मॅडम, टीव्हीचं तिकीट लागेल. मी म्हटलं, टीव्ही नाही. मग काय आहे, म्हणाला. सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. तिकीट घेतलं.

आमची पतसंस्था मोठ्या संस्थेत विलीन झाली. वर्ध्याचं ऑफिस डिसेंबरअखेर बंद झालं, आज फक्त सामान न्यायला उघडलं होतं. आमचे मॅनेजर चंद्रभान साहेब म्हणाले, ज्याला जे हवं ते न्या, उरलेलं भंगारात जाईल. मी पोचेपर्यंत खुर्च्या, कूलर, भिंतीवरचं घड्याळसुद्धा गेलं होतं. माझ्या काउंटरवरचा डबा तेवढा तसाच होता, कारण घरी तो कशाच्याही उपयोगाचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. थिन क्लायंट म्हणतात त्याला. दिसायला कॉम्प्युटर, पण पोटात स्वतःचं काही नसतं. सगळं मागच्या खोलीतल्या मोठ्या मशीनमध्ये, सर्व्हरमध्ये. हा नुसता नाव आणि पासवर्ड विचारतो, मग सर्व्हरला शोधत बसतो. सर्व्हर नव्या संस्थेची माणसं आधीच घेऊन गेली.

मग का आणला, असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कोणी विचारलं नाही.

सासूबाईंनी चादर पाहिली. "कोणाचं लेकरू वं हे?"

"ऑफिसातलं," मी म्हटलं.

"झाकून ठेव मंग. थंडी हाये."

११ जानेवारी

कैलासभाऊजी जामहून आले होते. माझे धाकटे दीर. जामच्या चौकात हायवेला लागून त्यांचं टायरचं दुकान आहे. येताना संत्री आणली. डबा पाहून म्हणाले, "वयनी, सोसायटीनं एवढ्या वर्षाचं हे बक्षीस देल्लं का तुमाले?"

मग मुद्द्यावर आले. "माय मी नेतो. तुम्ही वर्षभर केलं, आता माही पाळी." दुकानामागे त्यांनी खोली बांधून काढली आहे. दार मजबूत, बाहेरून कडी. "रोडले चोवीस तास ट्रक चालू राह्यते. उघडं ठेवून जमणार नाई." पाडवा झाला की नेतो म्हणाले.

मी बरं म्हटलं.

चंद्रभान साहेब नागपूरच्या एका संस्थेत लागले आहेत. एक एप्रिलपासून मलाही तिथे घेतो म्हणाले. माझी मुलगी खुशी नागपूरलाच शिकते. ती होस्टेल सोडेल, दोघी मिळून एक खोली घेऊ. म्हणजे सगळं ठरलं. मला काही वाटलं नाही, त्याअर्थी बरंच वाटलं असावं.

सासूबाई बाजूलाच संत्रं सोलत बसल्या होत्या. एकेक फोड सोलून त्यांनी भाऊजींच्या हातावर ठेवली, आणि ते कोण हे विचारलं.

खुशीचे बाबा जायच्या आधीपासूनच त्या विसरायला लागल्या होत्या. हे शेतात मोटरपाशी पडले त्या दिवशी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या खूप रडल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मोठा आला का वावरातून?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तशाच रडल्या. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, येतात. तेव्हापासून येतात असंच म्हणते.

१९ जानेवारी

डब्याला पंखा नाही, आवाज नाही. पण सुरू ठेवला की अंग कोमट राहतं. थंडीत दही लागत नव्हतं, म्हणून काल विरजणाचं पातेलं त्याच्यावर ठेवलं. सकाळी सुरीनं कापावं असं दही.

शेजारच्या शोभाबाई वाटी घेऊन आल्या तर त्यांना दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "इतकी वर्सं कॉम्प्युटर शिकली वं माय, अन् दही लावलं!" त्यांनी ते गल्लीभर सांगितलं. संध्याकाळी आणखी दोघी दही पाहून गेल्या. मलाही हसू आलं असं शोभाबाईंना वाटलं असावं.

आज मटकी फडक्यात बांधून ठेवली आहे.

२७ जानेवारी

बसस्टँडजवळ श्रावणचं इंटरनेटचं दुकान आहे. खुशीनं फोनवर सांगितलं, आई, त्याला दाखव, दही काय लावतेस. तो संध्याकाळी येऊन पाहून गेला. मटकीचं फडकं उचलून बाजूला ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, चांगला मुलगा आहे. म्हणाला, पेन ड्राइव्हवरून चालवता येईल. गाणी, फोटो, फोन लाइन जोडली तर इंटरनेट पण. "मॅडम, ह्याच्यात काईच नाई, म्हणूनच हे इतके वर्सं बिघडलं नाई."

मी म्हटलं, बघू.

सासूबाई दुपारी तीनदा दारापर्यंत गेल्या. बाजारात जायचं म्हणतात. वर्ध्याच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर आमच्याच शेतातली भाजी विकली, गुडघे गेले तेव्हा सोडलं. आता दुपार झाली की पाय शिवशिवतात. मी आतून कुलूप लावते आणि किल्ली ब्लाउजमध्ये ठेवते. त्या कुलपाला हात लावून उभ्या राहतात. ओरडत नाहीत. नुसत्या उभ्या राहतात, बस लागायची वाट पाहावी तशा.

४ फेब्रुवारी

आज एक झालं. मटकी काढून डबा पुसत होते, म्हणून मॉनिटर सुरू केला. नेहमीसारखं नाव विचारणारा चौकोन आला. तेवढ्यात दूधवाला आला म्हणून बाहेर गेले. परत आले तर सासूबाई खुर्चीवर बसलेल्या. पाठ ताठ. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचलेला, मी ऑफिसात खोचायची तसा. दोन्ही हातांच्या दोनच बोटांनी की-बोर्ड बडवत होत्या.

बटण दाबलं की चौकोनात ठिपके उमटतात. मग पडदा म्हणतो, शोधतो आहे. एक रेघ इकडून तिकडे जाते. मग सर्व्हर सापडला नाही असं येतं, आणि पुन्हा नाव विचारतो. त्या रेघेकडे पाहत थांबायच्या, नाव विचारलं की परत बडवायच्या.

"आत्याबाई, काय करता?"

"ड्युटीवर हाओ ना मी. दिसत नाई का?"

लाइट जाईपर्यंत बसल्या. लोडशेडिंग झालं, पडदा काळा झाला, तेव्हा हात झाडून उठल्या. "लिंक गेली," म्हणाल्या.

हा शब्द त्यांनी कुठे ऐकला ते मला उशिरा आठवलं. त्यांचा बाजार माझ्या आधी उठायचा. मग त्या रिकामी टोपली घेऊन आमच्या ऑफिसात यायच्या आणि समोरच्या बाकावर बसायच्या. मला वाटायचं कूलरच्या हवेसाठी येतात. हिवाळ्यातही यायच्या. मी सुटले की आम्ही एकाच बसनं घरी यायचो. बसमध्ये फारसं बोलणं व्हायचं नाही. कधी बोलल्याच तर, खुर्चीवर बसून बोटं हालवते अन् पगार घेते, असं काहीतरी.

१२ फेब्रुवारी

यांचं वर्षश्राद्ध. कैलासभाऊजी, जाऊबाई, खुशी सगळे आले होते. वांग्याची भाजी खारट झाली, सगळ्यांनी खाल्ली. सासूबाई पंगतीत वाढत फिरल्या. कोणाचं काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी

रोजचं झालं आहे आता. दुपारची भांडी झाली की त्या हात धुऊन येतात आणि खुर्ची ओढतात. मी बटण लावते. दाराकडे फिरकत नाहीत.

शोभाबाईंनी आज गंमत करायचं ठरवलं. खिडकीतून पिशवी पुढे करून म्हणाल्या, "ओ मॅडम, माहे पैसे काढून द्या वो जरा."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "पासबुक आणलं का?"

"नाई आणलं."

"मंग कायले आली? रिकामी फिरून राह्यली गावभर." आणि एवढ्यावर न थांबता, "मांगची बाई, पुढं या."

शोभाबाई हसत हसत गेल्या. मागे मी होते. हातात पोळपाट होता. मी पुढे गेले.

"नाव?"

"रीता."

बोटं चालली. "नवऱ्याचं नाव?"

हा प्रश्न मी किती बायांना विचारला असेल. खेड्यातल्या बाया काउंटरवर उभ्या राहून लाजायच्या, सोबतच्या पोराला पुढे ढकलायच्या, तू सांग रे. कोणी तळहातावर बोटानं लिहून दाखवायची. मागे रांग वाढायची. मी म्हणायची, पूर्ण नाव सांगा बाई, मशीनला अर्धं समजत नाही. मी स्वतः मात्र कधी मोठ्यानं घेतलं नाही. घरात हे म्हणायची, ऑफिसात खुशीचे बाबा. हे गेल्यावर तर घ्यायचा प्रसंगच आला नाही.

"चाफले," मी म्हटलं.

"पूरं सांगा बाई. मशीनले अर्धं समजत नाई."

"हेमराज," मी म्हटलं. "हेमराज चाफले."

त्यांचं बोट एका बटणावर थांबलं. मग सावकाश, एकेक करून, त्यांनी पुष्कळ बटणं दाबली. पडद्यावर रेघ इकडून तिकडे जायला लागली. आम्ही दोघी तिच्याकडे पाहत होतो.

"शोधून राह्यली," त्या म्हणाल्या.

नंतर म्हणाल्या, "नाई भेटत. उद्या या."

मी आत जाऊन कुकर बंद केला.

२ मार्च

कुलूप लावणं सोडलं. त्या ड्युटी सोडून जात नाहीत. मी दुपारी झोपले. की-बोर्डचा टकटक आवाज येत होता तोवर झोप लागली, लाइट गेले आणि आवाज थांबला तेव्हा जाग आली. दुपारी अशी झोप लागून खूप दिवस झाले.

नागपूरच्या खोलीसाठी खुशीनं दोन-तीन जागा पाहिल्या. एकीला गॅलरी आहे म्हणाली. मी म्हटलं, छान.

१२ मार्च

होळीला खुशी आली आहे. आजीला रिकाम्या पडद्यासमोर बसलेली पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तू हे असं चालू देतेस? काहीच नसलेल्या गोष्टीसमोर बसवून ठेवतेस तिला?"

तसं पाहिलं तर खरंच होतं.

तिनं श्रावणकडून पेन ड्राइव्ह आणली आणि संध्याकाळभर खटपट केली. डबा खरंच चालायला लागला. पडद्यावर निळं आकाश आलं, खाली छोटी छोटी चित्रं. भजनं वाजली. खुशीनं तिच्या मोबाइलमधले फोटो टाकले, आपलं शेत, आजीचा टोपली घेतलेला फोटो, तिच्या बाबांचा मोटरसायकलवरचा. शोभाबाई म्हणाल्या, "आता दिसते कॉम्प्युटरवानी." मलाही ते चांगलं दिसलं. इतके दिवस जे आपण करू शकलो नाही ते मुलीनं एका संध्याकाळी केलं.

सासूबाई लांबून पाहत होत्या. बसल्या नाहीत. खुशी म्हणाली, सवय होईल.

१३ मार्च

खुशीला सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं. दुपारी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि भजन लावून दिलं. त्यांनी एक बटण दाबलं. फोटो मोठा झाला. दुसरं दाबलं, फोटो गेला. नाव कोणीच विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे आपलं नोय," म्हणाल्या.

मी म्हटलं, आपलंच आहे, ऐका. आणि आत जाऊन पडले. भजन वाजत होतं. आवाज थांबला नाही, म्हणून मी उठले नाही. उठले तेव्हा खुर्ची रिकामी, दार उघडं.

शोभाबाई आणि त्यांचे मालक एकीकडे, मी एकीकडे. विहीर पाहिली, देऊळ पाहिलं, शेताकडे गेले. शेत मक्त्यानं करणारा रूपराव म्हणाला, इकडे नाही आल्या. मोटरच्या खोलीत वाकून पाहिलं. तिथे मी वर्षभरात गेले नव्हते. आत काही नव्हतं, पाइप होते.

बसस्टँडवर एक पोरगी म्हणाली, म्हातारी आजी वर्ध्याच्या बसमध्ये चढली. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. प्रेमदासचा, आमच्या जुन्या ऑफिससमोर त्याचा पानठेला आहे. "मॅडम, तुमच्या सासूबाई इथं पायरीवर बसून हायेत. कुलूप हाये म्हणून सांगतलं तं आयकत नाई. म्हणते, माही सून सुटली नाई अजून."

पुढची बस पकडून गेले. त्या बंद शटरसमोर पायरीवर बसल्या होत्या, पाय जवळ घेऊन. अनवाणी होत्या. प्रेमदासनं त्यांना पाणी दिलं होतं. मला पाहून उठल्या.

"सुटली का? चाल. बस जाईन."

मला ओळखलं. गेले कित्येक महिने कधी मी बाई असते, कधी दुसऱ्या गावची कोणी, आज सून होते. बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मला दिली. वाटेत म्हणाल्या, "आज लयच उशीर केला वं त्याहीनं."

मी हो म्हटलं.

त्या एकट्या तिकडे का गेल्या याचा विचार केला. मशीन बदललं, त्यामुळे गोंधळल्या असाव्यात. डॉक्टर पण म्हणाले होते, सवयीचं काही बदलू नका.

१५ मार्च

श्रावणला बोलावलं आणि म्हटलं, हे आधीसारखं करून दे. तो डोकं खाजवत राहिला. "मॅडम, लोक बिनकामाचं कामाचं करून मागते. तुम्ही कामाचं बिनकामाचं करून मागून राह्यल्या." त्यानं पेन ड्राइव्ह उपसली आणि डबा परत लावला. एवढंच. आत काहीच बदललेलं नव्हतं. डब्यानं नाव विचारलं.

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. काल आल्या नव्हत्या याबद्दल कोणाला काही बोलल्या नाहीत.

खुशीला फोन केला. ती रागावली नाही. "बरं आई," म्हणाली, माझ्याच आवाजात.

१६ मार्च

शोभाबाईंनी कैलासभाऊजींना कळवलं होतं. त्यांचा फोन आला. "ट्रकाखाली आली असती तं वयनी? मी उद्याच येतो न्याले."

मी म्हटलं, पाडवा होऊ द्या. घरात सणाचं माणूस कमी नको.

हे मी का म्हटलं ते कळलं नाही. वर्षभर सण म्हणून घरात काही केलेलं नाही.

२५ मार्च

सासूबाईंचे कपडे बांधले. चार लुगडी, स्वेटर, गुडघ्याचं तेल. भाऊजींच्या बायकोला, म्हणजे माझ्या जावेला, फोनवर सांगितलं की त्यांना चहात साखर नाही पण त्या मागतात, आणि मोठा आला का विचारलं तर येतात म्हणायचं. ती म्हणाली, "मी नाई वो खोटं बोलत मेलेल्या माणसाचं." मी म्हटलं, तुमची मर्जी.

डबा सोबत न्या म्हटलं तर भाऊजी म्हणाले, खोलीत प्लग काढलाच नाही, करंट लावून घेईल.

चंद्रभान साहेबांचा फोन. बुधवारी नक्की हजर व्हा, वरच्यांना तुमचं नाव कळवलं आहे.

२९ मार्च

आज न्यायचं होतं. भाऊजी दुपारी ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन आले. मी गाठोडं दारात ठेवलं होतं. सासूबाई ड्युटीवर होत्या.

"चाल माय. घरी जाऊ."

"सुटी भेटत नाई."

"चाल ना वं. गाडी उभी हाये."

"काम सोडून जाता येते का? तुमी बसा बाकावर."

बाक नव्हताच. भाऊजींनी त्यांचा दंड धरला. त्यांनी दुसऱ्या हातानं टेबल धरलं. मॉनिटर हलला. भाऊजींनी एकदा ओढलं, मग सोडून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मोठा माणूस आहे, टायर एकट्यानं उचलतो. पाठ हलत होती. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, तोंडावर मारलं.

मग वळले तेव्हा चेहरा वेगळा होता. शर्ट खाली ओढला, घसा साफ केला.

"कुंताबाई चाफले कोण हाये इथं?"

"मी हाओ."

"मी हेड ऑफिसचा साहेब. तुमची बदली झाली. जामले."

सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. साहेबांसमोर बसून राहायचं नसतं, हे त्यांनी आमच्या बाकावरून पाहिलं असणार. पदरानं की-बोर्ड पुसला, खुर्ची आत सारली. किती सहज झालं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. जमलं, असं त्यांच्या डोळ्यांत होतं, आणि लाजही होती.

सासूबाई दोन पावलं चालल्या आणि थांबल्या.

"साहेब, चार्ज कोणाले देऊ?"

भाऊजी गडबडले. त्यांच्या धंद्यात हे नसतं. मग माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईले."

त्या परत आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. त्यांच्या हाताला काही वजन राहिलेलं नाही. माझ्या शेजारी वाकून त्या सांगायला लागल्या. "हे पाय. नाव इचारलं का नाव टाकजो. मंग थांबजो. मशीन शोधते. तिले टाइम लागते, तिच्यावर खेकसजो नको. नाई भेटलं तं पुन्हा टाकजो. लोकं उभे राह्यते, त्याहीले उद्या या म्हनजो, पन असं कधी म्हनजो नको का नाईच म्हनून. समजलं का?"

"समजलं."

"घेतला का चार्ज?"

पडद्यावर रेघ फिरत होती. भाऊजी दारात गाठोडं उचलून उभे होते. गाडीवाल्यानं हॉर्न दिला. नुसतं हो म्हणायचं होतं. मी आत्तापर्यंत सगळ्यांना सगळ्याला हो म्हणत आले होते, त्यात अवघड काही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"वयनी?"

"मी चार्ज घेत नाही, साहेब." मी भाऊजींकडे पाहून म्हटलं. "आमच्याकडे घेणारा तयार नसला तर जाणाऱ्याला सोडता येत नाही. चार्ज दिल्याशिवाय माणूस रिलीव्ह होत नाही."

"वयनी, घेतला म्हनून द्या ना. खेळ हाये तो. तेवढ्यानं काय होते?"

"नाही घेत."

"अन् नागपूर? नोकरी?"

मी खुर्चीवर बसले होते आणि माझे हात मांडीवर होते, एवढंच मला ठाऊक होतं.

भाऊजी उंबऱ्यावर बसले. गाठोडं मांडीवर. म्हणाले, "उद्या काई झालं तं माह्यावर नका येजो मंग." मी म्हटलं, नाही येणार. ते म्हणाले, "तसं नाई. येजो. पन म्हनजो नको का मी नेत नवतो." मग गाठोडं परत खाटेवर ठेवून चहा न घेता गेले. जाताना आईच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला, साहेबांना देतात तसा, जरा अंतर ठेवून.

गाडी गेल्यावर घर शांत झालं. चंद्रभान साहेबांना फोन करायचा होता. खुशीलाही. गॅलरीची खोली तिनं पक्की केली आहे, त्या लोकांना कळवावं लागेल. हे सगळं मला एकेक करून दिसत होतं, लांबून, आणि मी खुर्चीवरून हलत नव्हते.

सासूबाई बाजूला उभ्या होत्या. वाट पाहून शेवटी त्यांनी माझ्या दंडाला बोट लावलं.

"चार्ज नाई घेत तं उठा मंग बाई. लोकं उभे हायेत."

मागे कोणी नव्हतं. मी उठले. त्या बसल्या, पदर खोचला. मी टेबलाला वळसा घालून समोर गेले आणि रांगेत उभी राहिले.